जुनेराचा बाळंतविडा

आई गेली त्याला सव्वा महिना झाल्यावर आम्ही तिचे कपाट उघडले. दादा, वहिनी आणि मी. जानेवारीचे दिवस होते. सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेची लगबग सुरू होती आणि अशा दिवसांत चाटी गल्लीतले दुकान दुपारभर सोडून येणे दादाला परवडणारे नव्हते. (चाटी म्हणजे जुन्या मराठीत कापड विकणारा.) तरी तो आला. कापडवाल्याच्या घरात मोजल्याशिवाय काही हलत नाही, म्हणून आधी मोजदाद झाली. साड्या आणि लुगडी मिळून ७४ नग निघाले. त्यांपैकी सहा रेशमी. ३७ सुती, त्यांत आजीची जपून ठेवलेली पाच नऊवारी लुगडी. उरलेल्या ३१ साड्या अशा, की त्यांची घडीसुद्धा कधी मोडली गेली नव्हती.

त्या ३१ साड्या आहेराच्या. आमच्या व्यापारी घरांत ही साडी कोणाच्या परिचयाची नाही? ती नेसण्यासाठी विकत घेतली जात नाही; देण्यासाठी घेतली जाते. लग्नात येते, कपाटात जाते, पुढच्या गृहप्रवेशाला दुसऱ्या घरी जाते. त्या ढिगातली एक साडी दादाने उलटीपालटी केली आणि तो थबकला. कापडाच्या धंद्यात खरेदीचा भाव चिठ्ठीवर आकड्यांत लिहीत नाहीत; प्रत्येक पेढीची आपली अक्षरांची खूण असते. साडीच्या कोपऱ्याला चिकटलेल्या चिठ्ठीवर आमच्याच पेढीची खूण होती, आणि अक्षर वडिलांचे होते. वडिलांना जाऊन अकरा वर्षे झाली. म्हणजे त्यांच्या हाताने विकली गेलेली ती साडी निदान अकरा वर्षे घरोघर फिरून, एकदाही न नेसली जाता, आमच्याच कपाटात परत आली होती. दादा हसला. मग त्याने ती चिठ्ठी सोडवून पाकिटात ठेवली.

भाचीला त्या वेळी सातवा महिना होता. पहिले बाळंतपण माहेरी, म्हणजे दादाकडेच व्हायचे होते, आणि पाठवणीला बाळंतविडा बारामतीला जायचा होता. सुती साड्यांचा तो मऊसूत ढीग पाहून मी म्हणाले, "दुपटी, झबली, लंगोट सगळे यातूनच शिवू या. बाळाला पणजीचे नि आजीचे कापड मिळेल." वहिनी काही बोलली नाही. दादा मात्र चटकन म्हणाला, "कापडवाल्याच्या घरचा बाळंतविडा, आणि त्यात जुनेर? विहीणबाई गाठोडे सोडतील तेव्हा काय म्हणतील?"

त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. व्यापाऱ्याच्या घरात दिलेली वस्तू ही पतही असते. लेकीच्या सासरी काय गेले, त्याचा हिशेब चार घरी सांगितला जातो, आणि जुनेर पाठवणारा हा हात आखडणारा ठरतो. शिवाय दादाच्या मनात दुसरीही गोष्ट होती. "लोकांनी जुनेच वापरायचे ठरवले तर आपण दुकानात बसून काय करायचे?" हा प्रश्न त्याने हसत विचारला, पण तो प्रश्न खोटा नव्हता. आपल्या समाजातली किती घरे कापडावर उभी आहेत! सैतवाळ समाजातल्या कित्येक कुटुंबांत तर शिवणकाम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. नवे खपले की घर चालते. त्या घरानेच जुन्याचे गोडवे गायचे, हे विसंगत दिसते खरे.

पण मला पाठशाळेत शिकलेला एक शब्द त्या दिवशी पुन्हा आठवला. 'उपभोग' हा शब्द आज आपण अगदी सैलपणे वापरतो. उपभोग म्हणजे चैन, खर्च, ओरबाडणे. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात त्याचा अर्थ निराळा आणि नेमका आहे. जे एकदाच वापरून संपते तो भोग, आणि जे वापरून पुन्हा वापरायचे असते तो उपभोग. भोगाचे उदाहरण अन्न. उपभोगाचे उदाहरण वस्त्र. (श्वेतांबर परंपरेत या दुसऱ्या प्रकाराला परिभोग म्हणतात, विभागणी तीच.) म्हणजे पुनःपुन्हा वापरात येणे हेच ज्याचे लक्षण, त्याचा नमुना म्हणून आचार्यांनी कापड निवडले. त्या कसोटीने आमच्या कपाटातल्या ३१ साड्या वस्त्र तरी होत्या का? त्यांचा भोगही झाला नव्हता आणि उपभोगही नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात परिग्रहपरिमाणाचे अतिचार सांगताना 'कुप्य' हा शब्द येतो. पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीत त्याचा अर्थ उलगडताना सुती आणि रेशमी कापडच पुढे ठेवले आहे. जमीन, सोने, धान्य यांच्या पंगतीत कपाटातले कापडही मोजायचे असते, हे कापडवाल्यांच्या घरी जरा सोयीस्करपणे विसरले जाते.

दादाशी मी हे सगळे बोलले नाही. मी त्याला एवढेच विचारले, "नव्या कापडाला खळ असते की नाही?" त्यावर तो गप्प बसला, कारण याचे उत्तर त्याच्याइतके कोणाला ठाऊक? मागावर ताण सोसावा म्हणून ताण्याच्या सुताला खळ चढवलेली असते. धुण्यात ती जाते, पण पुरती जायला बरेच पाणी लागते. आपल्याकडे तान्ह्या बाळाच्या अंगाला पहिले कापड जुने लावायची रीत पडली, ती गरिबीने नव्हे. शंभरदा धुतलेल्या साडीत खळ नसते, ताठा नसतो, सुटणारा रंग उरलेला नसतो. घाम ती लगेच टिपते. आजोबांच्या धोतराचे लंगोट आणि आजीच्या लुगड्याची दुपटी सधन घरांतही होत, आणि बाळंतविड्यात ती नव्या अंगड्या-टोपड्यांच्या शेजारी मानाने बसत.

शेवटी तोड निघाली. दुकानातून एक झगमगीत तयार संच जाईल, आणि त्याच्यासोबत माझे गाठोडेही.

आता हिशेब सांगते, कारण वाचणाऱ्या भगिनींना तोच उपयोगी पडेल. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि ४५ इंच, म्हणजे मीटरभराहून थोडी जास्त रुंद असते. चौरस तुकडे पाडले तर एका साडीत पाच बसतात. दुपट्याला दोन थर पुरतात. म्हणजे एका साडीत दोन दुपटी होऊन एक चौरस उरतो, त्यात दोन झबली आणि लंगोट निघतात. कापण्यापूर्वी साडी उजेडासमोर धरून पाहावी. निऱ्यांचा आणि टाचेजवळचा भाग विरलेला असतो. पदर आणि आतला भाग धड असतो. विरलेला भाग दोन थरांच्या मध्ये चालतो, वर येऊ देऊ नये. फॉल आणि जरीचे काठ आधी उसवावेत; जरीची तार बाळाला टोचते. दोरा सुती घ्यावा. हल्लीचा पक्का टेरिलिनचा दोरा जुन्या सुताहून बळकट असतो आणि तो शिवणीपाशी कापडच कापत जातो. मी पहिले दुपटे याच चुकीने घालवले. झबल्याला गुंडी, बटण, मणी काही नको. बंद लावायचे तर आखूड, आणि पाठीशी. वर्षाच्या आतल्या बाळाला झोपवताना तोंडाजवळ सैल पांघरूण ठेवू नये, हेही शिवणाऱ्या बाईने लक्षात ठेवावे; दुपटे अंथरायला आणि गुंडाळून घ्यायला, डोक्यावरून घालायला नव्हे.

कुंची मात्र माझी फसली. आईच्या जुन्या कात्रणांत कुंचीचा एक नमुना होता; तो मी एका बाहुलीच्या डोक्यावर बेतला आणि आजीच्या हिरव्या लुगड्याच्या काठाने मोठ्या हौसेने सजवला. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३५ सेंटिमीटर असतो आणि तीन महिन्यांत तो ४० च्या घरात जातो, हे मला वहिनीने नंतर सांगितले. ती कुंची बाळाच्या डोक्यावर कधी बसलीच नाही. आता ती वहिनीच्या देवघराशेजारच्या कोनाड्यात जपमाळेची पिशवी झाली आहे.

सगळेच जुने सगळ्याला चालते असेही नाही, आणि ते आई फार काटेकोरपणे पाळत असे. पाण्याचे गाळणे तिने उभ्या आयुष्यात जुन्या कापडाचे केले नाही. आपल्या शास्त्रांत गाळण्याचे मापसुद्धा सांगितले आहे, ३६ अंगुळे लांब आणि २४ अंगुळे रुंद, जाड, दुहेरी केलेले. वापरलेल्या कापडाचे सूत सरकते, वीण विरळ होते, आणि मग ज्यासाठी गाळायचे तोच हेतू राहत नाही. ग्रंथाचे वेष्टनही ती कोऱ्या कापडाचे शिवी. पंचेचाळिसाव्या दिवशी बाळाला पहिल्या जिनदर्शनाला नेले तेव्हा त्याच्या अंगातले झबले मी नव्या मलमलीचे, तीनदा धुऊन शिवले, ते त्याच शिस्तीने. पण याच परंपरेत एक जुनी वस्तू अशी आहे की तिच्यासाठी माणसे आतुरलेली असतात. चातुर्मास संपल्यावर पिच्छी-परिवर्तन होते. मोराने आपणहून टाकलेल्या पिसांची, श्रावक-श्राविकांनी हाताने बांधलेली नवी पिच्छी मुनिमहाराजांना अर्पण करतात. आणि वर्षभर त्यांच्या हातात राहिलेली जुनी पिच्छी, जो काही संयम-नियम स्वीकारतो त्या गृहस्थाला मिळते. ती विकत मिळत नाही. झिजलेली आहे म्हणून कोणी तिला कमी लेखत नाही. ज्या हातांत ती झिजली, त्यांच्यामुळे तिला मोल येते.

आजीच्या पाच लुगड्यांतले एक उलगडले तेव्हा मध्यभागी आडवी शिवण दिसली. वहिनीला वाटले, फाटले असेल. तो दंड होता. लुगडे मध्यावर विरले की तेवढा भाग कापून टाकायचा आणि दोन धड तुकडे जोडून पुन्हा लुगडे करायचे, याला दंड घालणे म्हणतात. शिवण निऱ्यांत किंवा कमरेशी लपेल अशी बेतायची, हे त्यातले कसब. या लुगड्याचे दोन्ही तुकडे तर वेगवेगळ्या लुगड्यांचे होते. रंग जवळचा, पण काठाच्या रेघा किंचित निराळ्या. वडील सांगत, दुसऱ्या महायुद्धात १९४३ मध्ये कापडावर सरकारी नियंत्रण आले, तेव्हा आमच्या दुकानात माल नसे आणि दारात रांग असे. ज्या सोलापुरात १८७० च्या दशकापासून सूतगिरणीचा भोंगा वाजत होता, ज्या गावाला गिरण्यांचे गाव म्हणत, तिथल्या कापडवाल्याची बायको दंड घातलेले लुगडे नेसत होती. 'कंट्रोल'चे कापड आधी गिऱ्हाइकाला, असा आजोबांचा नेम होता म्हणे. हे खरे असेल किंवा घराण्याच्या अभिमानाने जरा वाढवलेले असेल. शिवण मात्र आमच्यासमोर होती. इतके बारीक, सारखे टाके आज माझ्या हातून पडत नाहीत.

ते लुगडे कापायला दादाने नको म्हटले. मी म्हणाले, आजीने दोनदा कापले, आपण तिसऱ्यांदा कापू. बराच वेळ कोणी काही बोलले नाही. अखेर त्याची वाकळ करायचे ठरले, म्हणजे लुगडे न तुकडे होता सबंधच्या सबंध आत जाईल.

वाकळ, गोधडी, आणि आमच्या सीमेवरच्या कानडी घरांत कौदी, वस्तू एकच. तिचा हिशेब दुपट्याहून मोठा. सात फूट लांब आणि साडीच्या दोन पन्ह्यांइतकी रुंद वाकळ धरली, तर एका थराला १४ फूट कापड लागते. सहावारी साडी १८ फुटांची, म्हणजे एका साडीत एक थर होऊन चार फूट उरते. नऊवारी लुगडे २७ फुटांचे. वाकळ तीन-चार बोटे आखूड केली तर त्यात दोन थर नेमके बसतात. आम्ही आजीच्या त्या लुगड्याचे दोन थर घेतले, वरून आणि खालून आईची एकेक साडी, आणि मध्ये घरातलीच विरलेली सोलापुरी चादर. भौगोलिक मानांकन मिळालेल्या या चादरीची कीर्ती तिच्या नवेपणातल्या रंगांची आणि नक्षीची. पण वीस वर्षे पांघरून झालेली चादर वाकळीच्या पोटात जी ऊब देते, ती कीर्तीत कोणी धरत नाही. एक इशारा. चादर आत घातली की साधी सुई चालत नाही, लांब जाड सुईच लागते, आणि बोटाला अंगुस्तान.

एवढे काम माझ्याने झाले नसते. अक्कलकोटच्या बाजूच्या एका बाई वाकळी शिवून देतात, त्यांना बोलावले. त्या आल्या, साड्या हाताने चाचपल्या, आणि आखणी-बिखणी काही न करता जमिनीवर थर पसरून त्यावरच बसल्या. "कडेपासनं सुरू करायचं बघा ताई, नि आत आत जायचं. मधनं सुरू केलं की फुगा येतोय." धावदोरा चारी कडांनी फिरत मध्याकडे जातो, वळताना कोपऱ्यात टाके दाटतात, आणि पाण्यात खडा टाकल्यावर उठावेत तशी वलये कापडावर उठत जातात. दिवसाला त्या सलग चार-पाच तास बसत. दोऱ्याची लांबी हातभर, त्याहून जास्त नाही. लांब दोरा गुंततो आणि वेळ खातो. त्यांच्या सुईचा वेग पाहताना दादाही दुकानातून जेवायला आला की दहा मिनिटे थांबायचा. एकदा त्याने विचारले, "मशीनवर अर्ध्या दिवसात होईल ना हो?" बाईंनी वर न पाहता सांगितले, "होतंय की. पण मशीनची कडक होतीय. पांघरल्यावर अंगाशी येत नाही."

वाकळ पुरी होत आली तेव्हा त्यांनी भाकरीचा तुकडा मागितला. शेवटच्या कोपऱ्यात घास घालून शिवायचा, म्हणजे वाकळ उपाशी राहत नाही. त्यांच्याकडे ही रीत. माझी पंचाईत झाली. अन्न कापडात शिवले की त्यात मुंगी-पाखरू होणार, आणि ते आमच्या घरात चालणारे नाही. मी हे त्यांना सांगितले. त्या रागावल्या नाहीत. जरा विचार करून म्हणाल्या, "मग तुमच्या आईला आवडत हुतं असं कायतरी द्या." आईच्या रोजच्या साडीचा, तिच्या बोटांनी सतत चुरगाळला गेलेला पदराचा टोकाचा तुकडा मी दिला. तो त्यांनी चौघडी करून कोपऱ्यात बसवला.

जुन्या कापडाला असे दुसरे आयुष्य देणारे आपण एकटेच नाही. बंगालमधला कांथा जुन्या साड्यांचाच, आणि त्यावरचे भरतकामही पूर्वी साडीच्या काठांतून ओढून काढलेल्या रंगीत सुताने होई. पानिपतला परदेशांतले जुने लोकरी कपडे जहाजाने येतात, पिंजले जातात आणि त्यांच्या सुताची पांघरुणे होतात; व्यापारी वाचकांना यात नवल वाटू नये, कारण तो मोठा धंदा आहे. दिल्लीत १९९९ साली अंशु गुप्ता यांनी सुरू केलेल्या 'गूँज' संस्थेने शहरांतले जुने कपडे खेड्यांत नेले. ते भीक म्हणून वाटण्याऐवजी गावाने केलेल्या कामाचा मोबदला म्हणून द्यायचे, हा तिचा नेम मला विशेष वाटतो. धड नसलेल्या सुती कापडाच्या त्यांनी स्त्रियांसाठी घड्या केल्या. २०१५ मध्ये गुप्तांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आमच्या ३१ कोऱ्या साड्यांपैकी बहुतेक गेल्या त्या मात्र इथेच, वहिनीच्या ओळखीतल्या मुलींच्या वसतिगृहात, आणि सोबत फॉल नि दोरे घालून. नुसती साडी दिली की ती पुन्हा कोणाच्या तरी कपाटात जाऊन बसते. सोलापुरात आता शालेय गणवेशांचा मोठा उद्योग उभा आहे. त्या कारखान्यांतून पोत्यांनी निघणारी चिंधी पाहिली की वाटते, दर घरटी एकेक जरी वाकळ व्हायची म्हटली, तरी आपल्या हातांना कामाची वाण पडणार नाही.

राहता राहिल्या सहा रेशमी. त्यांत आईचा लग्नातला शालू. अखंड तार मिळावी म्हणून कोशातल्या किड्याला बाहेर पडण्याआधीच वाफेने किंवा उकळत्या पाण्याने मारतात, एका साडीमागे असे हजारो कोश जातात, हे एका चातुर्मासातल्या प्रवचनात ऐकल्यापासून आईने रेशीम अंगाला लावले नाही. त्याला चाळीसेक वर्षे झाली असतील. पण त्या साड्या तिने कोणाला दिल्याही नाहीत. "दिली तर दुसरी कोणी नेसेल, वा म्हणेल, आणि एखादी तशीच नवी घेईल. मग अनुमोदना माझीच झाली की." जरीवाले जुनी जरीची साडी घेऊन जाळतात आणि त्यातली चांदी काढतात; वहिनीने तो मार्ग सुचवला. मला तो पटत नाही, का ते नीट सांगताही येत नाही. त्या शालूच्या काठाची उशी किंवा पर्स करून कोणाला भेट देणे हल्ली फार चालते, आणि दिसतेही सुरेख. पण हाताने केलेली भेट सुरेख असते म्हणून तिच्या सुताचा इतिहास पुसला जातो का? ज्या जीवांचा घात झाला तो झाला, आता कापड कुजवून काय साधते, असे दादा म्हणतो. आईचे म्हणणे बरोबर, की दादाचे? सहाही साड्या कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून पुन्हा ट्रंकेत गेल्या आहेत.

मे महिन्यात पाठवणी झाली. बारामतीला पाहुणे आले तेव्हा दुकानातला झगमगीत संच मधोमध मांडला होता, असे भाचीने फोनवर सांगितले. माझे गाठोडे आतल्या खोलीत राहिले. दादाला हायसे वाटले. मला वाईट वाटले, आणि वाईट वाटल्याबद्दल स्वतःचा थोडा रागही आला. देताना सोडायचे ते मी सोडलेले नव्हते.

तीन आठवड्यांनी खुद्द विहीणबाईंचा फोन आला. उन्हाळा कडक होता, त्या चकचकीत कपड्यांनी बाळाच्या मानेवर नि काखेत पुरळ उठले होते. त्या जरा अडखळत म्हणाल्या, "ताई, तुमच्या त्या दुपट्यांतली आणखी चार-पाच मिळतील का? मी आमची कपाटे धुंडाळली. सगळ्या साड्या टेरिकॉटच्या निघाल्या हो." मग त्यांनी दोऱ्याचे विचारले, थरांचे विचारले, आणि शेवटी विचारले की त्या मधल्या थरातल्या कापडाला शिवण आहे ती कसली. मी त्यांना दंडाचे सांगितले. त्यांच्या सासूबाईही घालत असत म्हणाल्या. शब्द त्या विसरल्या होत्या.

दशलक्षण पर्वात भाची बाळाला घेऊन सोलापूरला आली. सहा महिन्यांचे पोर, पालथे पडून सरकायला लागलेले. निळ्या चौकटीच्या दुपट्याचा एक कोपरा त्याने चोखून चोखून फाडला होता. "आत्या, याला ठिगळ लावून देतेस? नवीन नको, हेच हवे त्याला." दादा समोरच बसला होता. तो उठला, आईच्या कपाटातल्या उरलेल्या साड्यांत त्याच चौकटीची साडी शोधायला लागला, आणि मिळाल्यावर सवयीने हातभर मोजून म्हणाला, "एवढे पुरेल का?"